डोंगर सर्वांचे, पण खिडकी कुणाची?

चंदीगडच्या रहिवाशांनी एका टोलेजंग गृहसंकुलाविरुद्ध दिलेल्या लढ्याची ही हकिगत. आपल्या गावातली टेकडी, मैदान किंवा समुद्र ज्यांना अजून दिसतो, त्यांनी ती अवश्य वाचावी.

मुंबई-पुण्याहून चंदीगडला गेलेला माणूस पहिल्या संध्याकाळी हमखास सेक्टर १७ मध्ये येतो. तिथले लोक त्याला 'सतारां' म्हणतात. सतारां म्हणजे पंजाबीत सतरा. मोटारी बाहेर ठेवून चालत फिरायचा हा प्रशस्त फरसबंदी चौक. कारंजे, बाकड्यांवर बसलेली म्हातारी मंडळी, फुगेवाले, आइस्क्रीम खाणारी मुले, हे सगळे आपल्याकडच्यासारखेच. तरीही आपल्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. काय ते लगेच कळत नाही. थोड्या वेळाने मान वर जाते आणि उलगडा होतो. इथे आकाश फार मोठे आहे!

चौकाच्या चारी बाजूंच्या इमारती चार मजल्यांच्या आहेत आणि त्यांच्या माथ्याची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ जाते. एकाने पाचवा मजला चढवला, दुसऱ्याने गच्चीवर पत्र्याची शेड ठोकली, तिसऱ्याने निळी काच लावली, असला प्रकार नाही. करड्या काँक्रीटचे खांब ठरावीक अंतरावर उभे आहेत आणि त्यांच्यामागे सावलीचा व्हरांडा आहे. दुकानदाराने आत काय हवे ते करावे, दर्शनी भाग मात्र नमुन्याप्रमाणेच ठेवावा, असा नियम शहर वसवतानाच घातला गेला. पाट्या आणि जाहिरातींवर नियंत्रण ठेवणारा आदेश १९५४ सालचा आहे. झाडे जपण्याचा आदेश त्याच्याही आधीचा, १९५२ चा. शहर पुरते उभे राहण्यापूर्वीच त्याने कसे दिसावे याचा कायदा झाला होता. आपल्याकडे आधी शहर वाढते आणि मग त्याचे रूप कसे सावरावे यावर परिसंवाद भरतात!

हे सगळे सांगायचे कारण असे की, ज्या शहराच्या रहिवाशांना नजरेपुढचा देखावा असा कागदावर लिहून मिळाला होता, त्यांनाही तो वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मग बाकीच्यांची काय कथा?

डोके, हृदय आणि पाठीमागचे डोंगर

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीचा आराखडा आधी अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी या जोडीकडे होता. १९५० साली नोविकी विमान अपघातात मरण पावले. १९५१ मध्ये फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम आले. पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू त्यांच्या जोडीला होते, शिवाय तरुण भारतीय वास्तुविशारदांची एक फळीही होती. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले.

कॉर्बुझिएंनी शहराची कल्पना माणसाच्या देहासारखी केली. विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय असलेला कॅपिटल परिसर म्हणजे डोके. तो सेक्टर १ मध्ये, शहराच्या उत्तर टोकाला आहे. सेक्टर १७ हे हृदय. मधून वाहणारी हिरवी पट्टी म्हणजे फुप्फुसे. सतरापासून जनमार्ग नावाचा रुंद रस्ता थेट डोक्याकडे जातो आणि त्या रस्त्याच्या शेवटी, इमारतींच्या पाठीमागे, शिवालिकच्या टेकड्या उभ्या राहतात. पावसाची सर येऊन हवा धुतली गेली की त्यामागची कसौलीची रांगही स्पष्ट होते. रात्री तिथले दिवे चमकतात. चंदीगडमध्ये वाढलेल्या कुणाही माणसाला लहानपणची आठवण विचारा, त्यात कुठेतरी हे दिवे असतातच.

हा देखावा काही आपोआप जमून आलेला नव्हता. कॅपिटलच्या उत्तरेला बांधकाम होऊ नये, डोंगर आणि इमारती यांच्यामध्ये काहीही येऊ नये, असा कॉर्बुझिएंचा आग्रह होता. त्यांनी तर उलट्या बाजूचीही काळजी घेतली. कॅपिटलच्या पटांगणातून शहराची घरे दिसू नयेत म्हणून मातीचे कृत्रिम उंचवटे रचून घेतले! सचिवालयाची इमारत २५४ मीटर लांब आहे, पण उंची ४२ मीटरच. डोंगररांगेसमोर ती आडवी पडून राहते, रांगेला झाकत नाही. कॉर्बुझिएंच्या काँक्रीटवर टीका करणारे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात ते तापते, हिवाळ्यात गारठते, पावसाळ्यात काळे पडते, हे सगळे खरे. पण डोंगर कुठे आहेत हे त्या माणसाला नीट कळले होते.

डोंगर आणि शहर यांच्यामध्ये सुखना तलाव आहे. शिवालिकमधून येणाऱ्या एका ओढ्याला बांध घालून १९५८ साली तो करण्यात आला. तिकडे अशा ओढ्याला 'चो' म्हणतात. बांधावर मोटारी नाहीत. पहाटे आणि संध्याकाळी सारे शहर तिथे चालायला येते. पाण्यापलीकडे रान आणि रानामागे टेकड्या. ते रान १९९८ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस किलोमीटर. तिथे सांबर आहेत, अधूनमधून बिबट्याही येतो.

तलावाच्या अलीकडे, सेक्टर ६ मध्ये गोल्फचे मैदान आहे. चंदीगड गोल्फ क्लब १९६२ चा. मिल्खासिंग यांचे चिरंजीव, नामवंत गोल्फपटू जीव मिल्खासिंग याच शहरातले. आता गोल्फ हा काही सर्वसामान्यांचा खेळ नव्हे. सभासद नसलेल्याला त्या हिरवळीवर पाऊल टाकता येत नाही आणि एवढी जमीन मूठभरांच्या खेळासाठी का, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही अशा मैदानाची एक गंमत असते. त्याचे कुंपण पायांना अडवते, नजरेला अडवत नाही. बाहेरून जाणारा सायकलस्वारही ती हिरवळ, ती झाडे आणि त्यावरचे आकाश फुकट पाहतो. म्हणून जगात कुठेही गोल्फच्या मैदानाचा 'पुनर्विकास' निघाला की, कधी गोल्फची काठी हातात न धरलेले शेजारीच सर्वांत आधी घाबरतात. उंच जाळ्या, प्रकाशझोताचे खांब, मोठाले क्लबहाऊस आणि मैदानाच्या कडेने टॉवर, असा तो क्रम त्यांना ठाऊक असतो.

जाहिरातींत याला 'गोल्फ व्ह्यू' म्हणतात. समुद्र असेल तर 'सी व्ह्यू', डोंगर असेल तर 'हिल व्ह्यू'. या एका शब्दावर सदनिकेची किंमत वाढते. मात्र ज्याने पैसे भरून ही खिडकी घेतली, त्याच्या इमारतीमागे राहणाऱ्यांची खिडकी त्याच दिवशी बंद होते. त्यांना कुणी काही विचारत नाही, भरपाईही देत नाही.

हद्द पंजाबची, नजर चंदीगडची

१९५२ सालीच राजधानीच्या भोवती पाच मैलांच्या पट्ट्यात बांधकामावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. १९६२ मध्ये हा पट्टा दहा मैलांचा करण्यात आला. शहराभोवती शेते आणि गावे राहावीत, बेसुमार वस्ती होऊ नये, हा हेतू. पुढे १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली. चंदीगड केंद्रशासित झाले आणि भोवतालचा पट्टा पंजाब व हरियाणा यांच्यात विभागला गेला. मोहाली आणि पंचकुला ही दोन नवी शहरे त्या पट्ट्यातच उभी राहिली. एका शहराचे अंगण तिघांच्या मालकीचे झाले म्हणा ना!

याचा परिणाम असा की, कॅपिटलच्या अगदी मागची जमीन चंदीगडच्या हाती नाही. सुखनाच्या कडेची कांसल, नयागाव, करोरां ही गावे पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात येतात. चंदीगडचे नियम तिथे चालत नाहीत.

यांपैकी करोरां गावाची गोष्ट आधी सांगतो, कारण ती गोल्फचीच आहे. शिवालिकच्या पायथ्याशी 'फॉरेस्ट हिल' नावाचा गोल्फ आणि कंट्री क्लब उभा राहिला. ज्या जमिनीवर तो झाला ती १९०० सालच्या पंजाब भूसंरक्षण कायद्याखालची. शिवालिकमधले हे चो पावसाळ्यात माती वाहून नेतात, खालची शेते वाळूने भरून टाकतात, म्हणून इंग्रजी अमदानीत इथली झाडतोड आणि चराई यांवर बंधने घालण्यात आली होती. ही जमीन कायद्याच्या भाषेत वन आहे की नाही, यावरून उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात वाद गेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या कायद्याखाली अधिसूचना निघाली एवढ्यावरून गावाची सगळी जमीन वन ठरत नाही, ते पुरावे पाहून ठरवावे लागेल. प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे गेले. डोंगराच्या उतारावरची आखीव हिरवळ पाहून बाहेरच्या माणसाला वाटावे, वा, किती छान हिरवे केले आहे! पण आधीचे झुडपी रान आणि नंतरचे कापलेले गवत यांत माती धरून ठेवण्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. सुखना तलाव गाळाने भरत जातो ही त्या शहराची जुनी डोकेदुखी आहे.

गोल्फची हिरवळ निदान आडवी तरी असते. कांसलमध्ये जे येऊ घातले होते ते उभे होते.

पस्तीस मजले

कांसल गावात पन्नासहून अधिक एकर जमीन एका गृहनिर्माण संस्थेने घेतली होती. या संस्थेचे सभासद साधेसुधे लोक नव्हते. पंजाबचे आमदार होते. पुढे टाटा हाउसिंगबरोबर करार होऊन 'कॅमलॉट' नावाचे संकुल आखण्यात आले. बारापासून पस्तीस मजल्यांपर्यंतचे टॉवर! एका मजल्याला तीन मीटर धरले तरी पस्तीस मजल्यांचे शंभर मीटरपेक्षा जास्त होतात. म्हणजे सचिवालयाच्या अडीच पट. तेही नेमके कॅपिटलच्या मागे, जिथे काहीही येऊ नये असे शहर रचणाऱ्याने बजावले होते.

चंदीगडकरांच्या मनात काय आले असेल याची कल्पना करायला फार कष्ट नकोत. सिंहगडाच्या वाटेवर उभे राहून वर पाहावे आणि गडाऐवजी लिफ्टच्या खोल्या दिसाव्यात, तसे. एका वकील नागरिकाने जनहित याचिका केली. चंदीगडचे प्रशासनही या संकुलाच्या विरोधात उभे राहिले. प्रकरण बरीच वर्षे चालले. त्यात २०१३ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीही मिळून गेली. पुढे हा खटला दिल्ली उच्च न्यायालयाकडे सोपवण्यात आला आणि त्या न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये प्रकल्पाच्या मंजुऱ्या रद्द केल्या. ५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले.

निकालाची कारणे मात्र वाचण्यासारखी आहेत. जागा सुखनाच्या पाणलोट क्षेत्रात येते, हे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या २००४ च्या नकाशावरून दिसत होते. अभयारण्याची हद्द तिथून एका बाजूने १२३ मीटर आणि दुसऱ्या बाजूने १८३ मीटर अंतरावर होती. अभयारण्याभोवती बांधकामाला बंदी असलेला पट्टा फक्त १०० मीटरचा ठेवावा, असा पंजाबचा प्रस्ताव होता. १२३ आणि १०० हे आकडे शेजारी ठेवून पाहा, म्हणजे न्यायालयाला तो प्रस्ताव का पटला नाही ते कळेल. ज्या संस्थेची जमीन तिचे सभासद आमदार आणि पट्टा ठरवणारे सरकारही त्याच आमदारांचे. जनतेच्या वतीने सांभाळायची संपत्ती सरकारने अशी सांभाळायची का, असा सवाल न्यायालयाने केला.

या सगळ्यात देखावा कुठे होता? लोकांच्या पोटात गोळा आला तो डोंगर झाकले जाणार म्हणून. पण खटला जिंकला तो सांबरांनी आणि पाणलोटाने. समजा मागे अभयारण्य नसते, ओढा नसता, नुसतेच डोंगर असते, तर कॅमलॉट आज उभे असते काय? मला तरी वाटते, बहुधा असते.

अर्जातला एक प्रश्न

आपल्या कायद्यात देखाव्याचे नावच नाही असे मात्र समजू नका. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठी बांधकाम प्रकल्पांचा एक वेगळा अर्ज आहे, नमुना १-अ. जमीन, पाणी, झाडे, प्राणी, हवा यांच्यानंतर त्यात सौंदर्यदृष्टीचाही विभाग ठेवला आहे. प्रस्तावित बांधकामामुळे एखादे दृश्य, निसर्गशोभा किंवा भूप्रदेशाचे रूप झाकले जाणार आहे काय, आणि त्याचा विचार केला आहे काय, असे तिथे सरळ विचारले आहे.

प्रश्न चांगला आहे. पण तो विचारला आहे कुणाला? बांधणाऱ्याला! अर्ज प्रकल्प करणारी कंपनी भरते. तिचा सल्लागार उत्तर लिहितो. आपला टॉवर डोंगर झाकतो आहे, असे कोणता सल्लागार आपणहून लिहील? बरे, रहिवाशांना हरकत घ्यायची तर जनसुनावणी हवी. त्याच अधिसूचनेने इमारती आणि वसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. खाण किंवा सिमेंटचा कारखाना येणार असेल तर गावकऱ्यांना मंडपात बोलावून ऐकून घ्यावे लागते. घरासमोर पस्तीस मजले येणार असतील तर त्याची गरज नाही. म्हणजे दृश्य झाकले जाईल का हे विचारायचे, पण ते रोज पाहणाऱ्याला सोडून इतर सर्वांना!

परदेशात हे कसे चालते? लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट शहरातल्या ठरावीक जागांवरून दिसलाच पाहिजे असा दंडक १९३० च्या दशकापासून आहे. त्या जागा आणि घुमट यांच्यामध्ये येणाऱ्या इमारतींची उंची त्या हिशोबाने बांधली जाते. कोणत्या ठिकाणाहून काय दिसायला हवे ते आधी नकाशावर आखायचे, मग बांधणाऱ्याने त्याखाली राहायचे. अशी रेघ एकदा आखली की वाद निम्म्याने कमी होतो. चंदीगडात कॉर्बुझिएंची रेघ होती, पण ती हद्दीपाशी येऊन संपत होती. १७ जुलै २०१६ रोजी युनेस्कोने कॅपिटल परिसराला जागतिक वारशात स्थान दिले, तेव्हा तिच्याकडे जगाचेही लक्ष गेले.

खाली राहणाऱ्यांचे काय?

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, ही तर सुखवस्तू लोकांची तक्रार झाली. मोठ्या बंगल्यात राहायचे आणि वर डोंगरही हवेत! या म्हणण्यात तथ्य आहे, ते झटकून टाकता येणार नाही.

चंदीगड पाच लाख वस्तीसाठी आखले गेले. २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाख माणसे मोजली गेली. शहरात घर परवडत नाही असे कारकून, चालक, मोलकरणी, छोटे दुकानदार कुठे जाणार? त्यांतले पुष्कळजण हद्दीपलीकडच्या नयागावात आणि कांसलमध्ये दाटीवाटीने राहतात. तिथल्या अरुंद गल्ल्या आणि शहरातले रुंद रस्ते यांच्यामध्ये काही पावलांचे अंतर आहे. मार्च २०२० मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला आणि पाणलोटातली बेकायदा बांधकामे पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा धसका याच वस्तीने घेतला. पुढे न्यायालयाच्या आदेशाने पाडापाडी थांबली. अभयारण्याभोवतीचा पट्टा रुंद करण्याची चर्चा निघाली की नयागावचे लोक आजही विरोधाला उभे राहतात. आयुष्याची कमाई दोन खोल्यांत घातलेल्या माणसाला डोंगराच्या देखाव्याचे कौतुक सांगून काय उपयोग?

पण या दोन घरांत एक फरक आहे आणि तो ठेवायलाच हवा. नयागावातले दुमजली घर डोंगर झाकत नाही. ते गरजेपोटी झाले आणि सरकारने वेळेवर डोळे उघडले नाहीत म्हणून वाढले. पस्तीस मजल्यांचा टॉवर हा देखावा विकण्यासाठीच उंच असतो. दोघांना एकाच पट्ट्याने मोजणे न्याय्य होणार नाही. पट्टा किती मीटरचा यावर खल करणाऱ्यांनी त्या पट्ट्यात किती उंच बांधावे यावरही बोलावे, असे माझे मत आहे.

सेक्टर १७ च्या दुकानदारांचीही एक बाजू आहे. २०१३ मध्ये औद्योगिक भागात एलांटे मॉल सुरू झाला आणि वातानुकूलित, झगमगीत खरेदीची सवय लागलेले गिऱ्हाईक तिकडे वळले. करड्या खांबांमागे, एकसारख्या पाटीखाली बसलेल्या दुकानदाराला आपले हात बांधल्यासारखे वाटतात. वारसा म्हणून आमचा दर्शनी भाग गोठवला, आता गल्ल्यातले पैसेही वारसा म्हणून जपायचे का, असा त्यांचा एकंदर सूर असतो. तो खोटा म्हणता येणार नाही. तरी गंमत पाहा, नवीन मॉल काही वर्षांत जुना वाटू लागतो, आणि संध्याकाळी आजोबांना घेऊन बसायला लोक येतात ते सतारांच्या चौकातच.

एक मराठी न्यायमूर्ती आणि चंदीगडचे बंगले

बाहेरून येणारे टॉवर थांबले तरी आतून उंची चढतच होती. जुन्या सेक्टरमधला एक बंगला तिघांनी मिळून विकत घ्यायचा, तो पाडून तीन मजले उभे करायचे आणि प्रत्येकाने एकेक मजला वाटून घ्यायचा, अशी पद्धत पडली. कागदोपत्री मालकीचे हिस्से, प्रत्यक्षात सदनिका. असे करू देणारे नियम २००१ मध्ये आले होते. लोकांनी ओरड केल्यावर २००७ मध्ये ते मागे घेण्यात आले, पण मागच्या दाराने व्यवहार चालूच राहिला. सेक्टर १० च्या रहिवासी संघाने न्यायालयात धाव घेतली.

१० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती भूषण गवई यांनी. गवई आपल्या अमरावतीचे, पुढे २०२५ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. शहराच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेक्टर १ ते ३० मध्ये, एका बंगल्याच्या अशा सदनिका करण्याला त्यांनी मनाई केली. तिथे तीन मजल्यांची आणि ठरावीक उंचीची मर्यादा घालावी, चटई क्षेत्र वाढवू नये, आणि या भागात वस्ती वाढवायची की नाही याचा विचार आधी वारसा समितीने करावा, असेही बजावले. निकालात बंगळूरूच्या दुरवस्थेचा दाखला आहे. बागांचे शहर म्हणून ज्याचे नाव होते, त्याचे काय झाले ते पाहा आणि परवानगी देण्यापूर्वी परिणाम तपासा, असा त्याचा रोख आहे.

चंदीगडकर आता गप्प बसत नाहीत. ट्रिब्यून चौकातला उड्डाणपूल आखला गेला तेव्हा त्यापायी जाणारी झाडे आणि रस्त्याचे बदलणारे रूप यांवरून विरोध झाला आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. २०२४ मध्ये ती स्थगिती उठली. २०२५ मध्ये नेकचंद यांच्या रॉक गार्डनच्या भिंतीचा काही भाग रस्ता आणि वाहनतळासाठी पाडण्यात आला, तेव्हाही लोक रस्त्यावर आले. सगळ्याच लढाया जिंकता येत नाहीत.

आपल्या दाराशी

चंदीगड दूर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स घ्या. १८८३ पासूनचे हे मैदान सुमारे २११ एकरांचे. त्याचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि तेव्हापासून तिथे काय करायचे यावर कल्पनांचा पाऊस पडत राहिला. थीम पार्क हवे, उद्यान हवे, क्रीडासंकुल हवे. २०२४ मध्ये १२० एकरांवर महापालिकेचे उद्यान आणि उरलेल्या ९१ एकरांवर शर्यतींचा क्लब, अशी वाटणी ठरली. उद्यान सर्वांना खुले होणार असेल तर कुणाला नको आहे? रहिवाशांची भीती वेगळी आहे. एकदा 'विकास' या नावाने दार उघडले की उद्यानाच्या पाठोपाठ कोण कोण आत शिरेल, याची. ताडदेवच्या बाजूने पाहिले तर त्या मैदानाभोवती टॉवरांचा कोट उभा राहिलेला दिसतोच. मैदान मोकळे आहे म्हणूनच त्याच्या कडेला टॉवर वाढले आणि टॉवर वाढले म्हणून मागच्या चाळींना आणि जुन्या इमारतींना मैदान दिसेनासे झाले.

पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याचा वाद अनेक वर्षे चालू आहे. टेकड्यांवर बांधकाम नको म्हणून तिथे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकावे लागले. नाशिक, कोल्हापूर, साताऱ्यातही थोड्याफार फरकाने हेच आहे. अजिंक्यतारा सगळ्या साताऱ्याला घरातून दिसतो. किती वर्षे दिसेल, हे साताऱ्याच्या लोकांनी आताच विचारून ठेवावे.

विचारायचे कुठे? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदत थोडी असते आणि नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली असते. नेमके त्याच दिवसांत घरात लग्न निघते नाहीतर मुलांच्या परीक्षा असतात! तरी नकाशा पाहून यावा. आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीवर किंवा मैदानावर कोणता रंग भरला आहे तेवढे पाहिले तरी पुष्कळ. रंग बदलला असेल तर त्याच वेळी लेखी हरकत द्यावी. एकट्याने देण्यापेक्षा सोसायटीच्या ठरावाने द्यावी आणि पोच घ्यावी. मोठ्या बांधकामाने भरलेला नमुना १-अ पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर पाहायला मिळू शकतो, नाहीतर माहितीच्या अधिकारात मागता येतो. दृश्य झाकले जाईल काय, या प्रश्नापुढे काय लिहिले आहे ते जरूर वाचावे. तिथे 'नाही' असे असेल आणि तुमच्या गच्चीवरून काढलेले छायाचित्र 'होय' म्हणत असेल, तर ते छायाचित्र तारीख घालून हरकतीला जोडावे.

म्हणून आजच एक फोटो काढून ठेवा. पुढे त्याची गरज पडली नाही तर उत्तमच, अल्बमला लावता येईल.